गच्चीवरचं ऊन कोणाचं?

मंडळी, आज सकाळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये गच्चीवर सोलर पॅनेल बसवायचं ठरलं आणि मला ऐंशीच्या दशकातला, आमच्या मुलुंडच्या घरचा सोलर कुकर आठवला.

आई तो गच्चीवर ठेवायची. मागच्या चाळीतल्या सुमनमावशीला तिने एकदा त्यातली डाळ चाखायला दिली.

"नुसत्या उन्हात शिजली ही?" मावशीला खरंच वाटेना.

"हो. तू पण घे ना एक. रॉकेलची रांग तरी सुटेल."

"घेईन गं, पण ठेवू कुठे? तुमची बिल्डिंग झाल्यापासून आमच्या दारात ऊनच येत नाही."

ती हे अगदी साधेपणाने बोलली. आईने मात्र ते मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी आई तिला तिच्या डाळीच्या डब्यासकट गच्चीवर घेऊन गेली. सेक्रेटरींनी अडवलं, "बाहेरच्यांना गच्चीवर आणायचं नाही, वहिनी."

"आपली सावली त्यांच्या दारात जाते, ती चालते ना?" आईने विचारलं.

ते बाजूला झाले. तो उन्हाळाभर त्या कुकरमध्ये दोन घरांची डाळ शिजली.

आमच्या आताच्या बिल्डिंगमागेही वस्ती आहे. त्यांनाही यातली थोडी वीज देता येईल का, असं मी आज विचारलं. कोणी नाही म्हणालं नाही, पण कसं करायचं ते कोणालाच माहीत नव्हतं.

तुमच्याकडे कोणी केलंय का असं? कसं जमवलंत?