एक वेणी वर, एक खाली

हवालदारबाईंची आमच्या खोलीत बदली झाली ती गुडघा मोडल्यावर. वीस वर्षं रस्त्यावर काढलेल्या बाईला हरवलेल्या मुलांच्या नोंदी ठेवायला बसवायचं, म्हणजे अडगळीत टाकायचं, असं सगळेच धरून चालले होते. खोलीत दोन टेबलं, तीन लोखंडी कपाटं आणि मी, टायपिस्ट.

पहिल्याच आठवड्यात मला त्यांचा राग आला. मुलाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण एवढं लिहायला मला दहा मिनिटं पुरत. त्या दीड तास घेत. फॉर्म भरला की तो उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागत. मूल झोपताना काय मागतं? कुणी रागावलं तर कुठे लपतं?

"बाई, संगणकात एवढं मावत नाही हो," मी म्हणाले.

"मग त्याला सांग, पोट वाढव म्हणून."

खात्यात त्यांना 'मागचं पान' असं नाव पडलं. त्यांच्या कानावर ते गेलंच. "असू दे," म्हणाल्या, "पुढच्या पानावर सगळी मुलं सारखीच दिसतात."

त्या दिवसांत एक रंगारी यायचा. त्याची पाच वर्षांची मुलगी खेळता खेळता एका अनोळखी बाईचं बोट धरून गेली, ती गेलीच. वर्षभर तो दर महिन्याला येऊन बाकावर बसायचा. पुढे यायचा थांबला. फोन बंद, घर सोडलेलं.

चार वर्षांनी आमच्या खात्यानं दोऱ्याची रिळं भरणाऱ्या एका कारखान्यावर धाड घातली. अकरा मुली सुटल्या. सगळ्यांच्या कागदांवर वय चौदा. आणि सगळ्या पोपटासारख्या एकच सांगत होत्या, "मालकीणबाई माझी मावशी आहे."

साहेबांनी डोक्याला हात लावला. "अकरा भाच्या, आणि एकीलाही आईचं नाव आठवत नाही!"

हवालदारबाई साध्या कपड्यांत बालगृहात गेल्या, मलाही नेलं. मुलींच्या केसांत दोऱ्याचा भुगा, गुंते आणि उवा. बाईंनी ओसरीवर बैठक मारली, बारीक दातांची फणी काढली आणि एकेकीला पुढ्यात घेतलं. तीन दिवस हेच. प्रश्न एकही नाही.

चौथ्या दिवशी सगळ्यांत किडकिडीत मुलगी पुढ्यात होती. बाईंनी सहज विचारलं, "घरी केस कोण विंचरायचं ग?"

तिनं फणीत अडकलेला दोरा बोटाला गुंडाळला. मग, "बाबा."

"बाबा? आणि आई?"

"आई पहाटेच कामाला जायची. बाबांना नीट जमायचं नाही. एक वेणी वर यायची, एक खाली." ती खुदकन हसली आणि लगेच तिनं तोंडावर हात दाबला.

बाईंचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी शांतपणे तिची वेणी पुरी केली.

कचेरीत परतल्यावर आम्ही कपाटं उपसली. एकेक फॉर्म उलटा करून वाचला. तिसऱ्या कपाटात सापडलं, बाईंच्याच अक्षरात: "वेणी बापच घालतो. एक वर, एक खाली येते. पोर आरशात बघून हसते." नाव वेगळं, वय वेगळं, चेहरा सुकलेला. संगणकाला ही जोडी कधीच जुळवता आली नसती. मी मान खाली घातली. बाईंनी फॉर्म सुलटा केला: बाप रंगारी.

पण बाप कुठे शोधायचा? बाईंनी रंगाची दुकानं धरली. एकोणिसावा दुकानदार म्हणाला, "तो होय! समोरच्या शाळेची भिंत रंगवतोय की."

तो शिडीवर होता. बाईंनी त्याला आधी खाली उतरवलं, मगच तोंड उघडलं. "दादा, अजून खात्री नाही. पण चला."

तो रंगाच्या हातांनीच निघाला.

मुलगी बालगृहाच्या काळजीवाहक बाईंमागे उभी राहिली. त्याला एकटक बघत म्हणाली, "किती उशीर केलात."

तो होता तिथेच जमिनीवर बसला. "हो ग. फार उशीर झाला."

त्या दिवशी ती त्याच्याजवळ गेली नाही. तो मात्र रोज येत राहिला. रक्ताची तपासणी जुळली, बालकल्याण समितीची चौकशी झाली, आणि सहा आठवड्यांनी ती आईबापांबरोबर घरी गेली. आईनं नंतर सांगितलं, पोर कितीतरी महिने उशीखाली पाव लपवून ठेवायची.

खटला दोन वर्षं चालला. आरोपीच्या वकिलांनी बाईंना टोमणा मारला, "पोरींच्या उवा काढणं हे तपासाचं काम आहे का?"

"साहेब, उवा काढल्याशिवाय डोक्यात काय आहे ते कळत नाही."

मालकीणबाईला शिक्षा झाली. अकरांपैकी नऊ मुली घरी पोचल्या. उरलेल्या दोघींना घरच्यांनीच विकलं होतं. त्यांना पाठवायचं तरी कुठे?

साहेब म्हणाले, "मुली सापडल्या, गुन्हा सिद्ध झाला. फाईल बंद करा. आता काय राहिलंय?"

"मुली राहिल्यात की," हवालदारबाई म्हणाल्या, आणि बालगृहाकडे जाणारी बस गाठायला उठल्या.