बाबांनी जावयाकडे मागितलेलं

बाबा बासष्टचे असताना त्यांच्या छातीत दुखू लागलं, म्हणून मी त्यांना अकोल्याहून अमरावतीला माझ्या घरी आणलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होत्या.

"रोज किती सिगारेटी?"

"एक पाकीट. कधी दीड," बाबा म्हणाले. "पण बाई, चाळीस वर्षं ओढली. जे खराब व्हायचं ते होऊन गेलं. आता काहून सोडू?"

"सोडली की धोका उतरायला लागतो, बाबा. पूर्ण जात नाही, पण वर्षावर्षानं कमी होतो. ओढत राहिलात तर चढतच जाईल."

बाबांनी खिशातलं पाकीट काढून तिथेच टेबलावर ठेवलं.

बाबा अकोल्याला परतल्यावर पुढचे दोन महिने आईनं कसे काढले, तिलाच ठाऊक. भाजी खारट, पंखा हळू, पेपर उशिरा, बाबांची सारखी कुरकुर. एकदा जठारपेठेतल्या पानठेल्यावरून घरी येऊन त्यांनी स्वतःच सांगितलं, "आज एक ओढली." त्यानंतर मात्र कधी नाही. काही महिन्यांनी जेवता जेवता ते थांबले. "हे वांगं आधीबी असंच लागत होतं काय?"

"इतकी वर्षं असंच तर करून राहिली मी," आई म्हणाली आणि पदरानं डोळे पुसू लागली.

त्यांचा कचेरीतला जुना मित्र मात्र ओढत राहिला. नोकरीच्या पहिल्या महिन्यात दोघांनी सोबतच सुरुवात केली होती. त्याला फुप्फुसाचा कॅन्सर झाला. बाबा रोज दुपारी त्याच्याजवळ जाऊन बसायचे. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो गेला; त्यानंतरही कितीतरी दिवस बाबा दुपारी चपला घालून दारापर्यंत जायचे आणि परत फिरायचे.

त्याच उन्हाळ्यात आम्ही अकोल्याला गेलो होतो. माझा नवरा गच्चीवर सिगारेट ओढत होता. मी वाळलेले कपडे काढत होते. जावयाकडे कधीच काही न मागणारे बाबा जिना चढून वर आले.

"जवाईबापू, एक मागू काय?"

नवऱ्यानं हात पाठीमागे नेला. "मागा ना, बाबा."

"हे सोडा. मी म्हातारपणी सोडली, तरी मले बारा वर्षं भेटली. नात सायकल शिकली, ते पाह्यलं. तुमी तर चाळिशीत आहा. तुमाले लय जास्त भेटतीन." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माह्या पोरीसाठी मागून राहिलो."

नवऱ्याची त्या दिवशी काही सुटली नाही. नंतर दोनदा सोडली, दोनदा पुन्हा धरली. बाबा रागावले नाहीत. "परत सोडा," एवढंच म्हणायचे. गेल्या हिवाळ्यापासून त्यानं हात लावलेला नाही.

बाबा आता शहात्तरचे आहेत. जिना चढताना धाप लागते. झालेलं नुकसान काही पुसलं जात नाही. संध्याकाळी त्यांचा फोन आला की आधी जावयाला बोलावतात. दोघं पाऊसपाण्याचं, क्रिकेटचं बोलत राहतात. मी माझा नंबर येण्याची वाट पाहत शेजारी बसते, आणि कधी कधी वाटतं, आज नाही आला नंबर तरी चालेल.