कानाचा पक्का
अंबडला झाडं कापायच्या चेनसॉ दुरुस्त करणारा एक मिस्त्री आहे. मी माझी त्याच्याकडेच नेतो. इंजिन सुरू करून तो डोळे मिटतो आणि नुसत्या आवाजावरून सांगतो, "कार्बोरेटरमध्ये कचरा अडकलाय." त्याचं निदान चुकलेलं मी पाहिलेलं नाही.

पन्नाशीत त्याने जुन्या बाजारातून स्वस्तातली गिटार आणली. परवा गेलो तेव्हा वाजवत होता आणि सगळ्या तारा बेसूर होत्या. मला थोडंफार येतं, म्हणून मी त्या नीट सुरात लावून दिल्या. त्याने एकदा छेडून पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि खुंट्या पिळून सगळं पुन्हा होतं तसं केलं.

"आता कसं बरोबर वाटतंय," तो म्हणाला. मग माझ्याकडे काळजीने बघत हळूच म्हणाला, "सर, एकदा डॉक्टरला कान दाखवून घ्या."