कोणता डेस्कटॉप, ते योगिनी ठरवेल

सोमवारी सकाळी योगिनीने कॉम्प्युटर सुरू केला, हेडफोन लावला आणि वाट पाहिली. काहीच ऐकू आलं नाही. तिने नेहमीच्या कळा दाबल्या. पुन्हा दाबल्या. तरी शांतताच.

जानेफळच्या योगिनीची दृष्टी बाराव्या वर्षी गेली. आता ती एकतीस वर्षांची आहे आणि मेहकरच्या एका खासगी कॉलेजच्या ऑफिसात नऊ वर्षांपासून दाखले, पत्रं, निकालाच्या याद्या टाइप करते. पडद्यावर जे येतं ते ऑर्का नावाचं सॉफ्टवेअर तिला कानात वाचून दाखवतं. ऑर्का मुका झाला, की तिच्या पुढ्यात उरतो तो नुसता डबा.

मागच्या वर्षी ऑफिसात विंडोजच्या जागी लिनक्स आलं. त्यात पडद्याची मांडणी, म्हणजे डेस्कटॉप, एकच नसतो. चार-पाच प्रकारांतून आपण निवडायचा. डोळस माणसं रंगरूप पाहून निवडतात, योगिनीने ऐकून निवडला. देखभालीला येणाऱ्या कुलदीपकडून तिने तीन डेस्कटॉप आलटूनपालटून टाकून घेतले आणि दिवाळीच्या सुट्टीतला एक आख्खा आठवडा त्यांच्याशी झटापट केली. जो म्हणे सगळ्यात देखणा होता, त्यात फाईल उघडली की ऑर्का मधेच गप्प व्हायचा. दुसरा, गनोम नावाचा, नीट बोलायचा, पण ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरला तो झेपेना. अक्षर आधी उमटायचं, आवाज मागून यायचा. तिसरा, मेट, साधा होता. मेनू काल जिथे होता तिथेच आज सापडायचा, प्रत्येक बटण आपलं नाव सांगायचं. तिने मेट ठेवला. त्यात स्वतःचे शॉर्टकट बसवले. गावांची नावं ऑर्का भलतीच वाचायचा, ते उच्चार त्याला एकेक करून शिकवले.

आणि शनिवारी, ती घरी गेल्यावर, कुलदीपने ते सगळं पुसून टाकलं होतं.

"काऊन पुसलं?" तिने विचारलं.

"तपासणी समिती येऊन राह्यली ना, ताई. सगळे कॉम्प्युटर एकसारखे दिसले पाह्यजे. शंकररावनं सांगतलं."

हेडक्लार्क शंकरराव शेजारच्या टेबलावर चहा पीत होते. "अवं, तुले दिसतच नाही, मंग पडदा कसाबी असला त काय फरक पडते?"

योगिनीचे कान तापले. या माणसाच्या प्रत्येक पत्रातल्या चुका तिने नऊ वर्षं निमूट दुरुस्त केल्या होत्या.

"मंग सगळ्या स्टाफले एकाच नंबरचा चष्मा वाटा ना, साहेब. एकसारखे दिसान. चालन?"

"चिडू नको वं," शंकरराव हसले. त्या हसण्याने ती उठली आणि थेट प्राचार्यांकडे गेली.

प्राचार्य फार मऊ आवाजात बोलले. "योगिनीताई, तुम्ही टायपिंगचा त्रास घेताच कशाला? फोनवर बसा, आरामाचं काम आहे. आणि हो, दिव्यांग दिनाला तुमचा सत्कार ठेवलाय."

"सत्कार नको, सर. शाल नको. माझ्या कॉम्प्युटरमध्ये बदल करायचा पासवर्ड माझ्याकडे द्या."

"ते नियमात बसत नाही."

प्राचार्यांशी ती नेहमी पुस्तकी बोलायची. आता तिचा तोल सुटला. "अन् मले न विचारता पुसनं, ते बसते नियमात?"

दुसऱ्या दिवशी ती घरून पेनड्राइव्ह घेऊन आली. त्यात मेट होता. सुरुवातीला कोणती कळ दाबायची, खालचा बाण किती वेळा, हे तिला पाठ होतं. पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू झाला, ऑर्का बोलू लागला. पण बंद केलं की सगळं जायचं, रोज सकाळी पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागायचं. आठ दिवस ती दात खाऊन मांडत राहिली. पहिल्याच दिवशी तिने दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्याचा उल्लेख करून, मेट परत बसवा आणि पासवर्ड द्या, असा अर्ज टाइप केला आणि शंकररावांच्या पुढ्यात ठेवला.

"आवक नंबर टाका. अन् टाकला तो वाचून दाखवा."

त्यांना वाचावा लागला.

समिती आली. त्यातल्या एक बाई योगिनीच्या टेबलापाशी थांबल्या. "हा पडदा वेगळा का दिसतोय?"

"मॅडम, या आमच्या दिव्यांग भगिनी," शंकरराव लगबगीने म्हणाले. "त्यांच्यासाठी आम्ही खास सोय केलीय."

योगिनीने हेडफोन काढून टेबलावर आपटला. "यांनी केली नाही, मॅडम. यांनी पुसली. सोय मी घरून आणलीय. माझा अर्ज आठ दिवसांपासून यांच्याकडे पडून आहे, आवक नंबर सांगू?"

बाईंनी अर्ज मागून घेतला आणि उभ्या उभ्या पूर्ण वाचला.

त्या आठवड्यात कुलदीपने मेट परत बसवला. पासवर्ड आणि 'संबंधित कर्मचाऱ्यास विचारल्याशिवाय बदल करू नये' असं सहीशिक्क्याचं पत्र योगिनीच्या हातात आलं. शंकरराव तिच्याशी बोलेनासे झाले. सत्काराच्या दिवशी तिने रजा टाकली.

जानेवारीत समीक्षा नावाची अंध विद्यार्थिनी कॉलेजच्या लायब्ररीत येऊ लागली. कुलदीपने योगिनीला विचारलं, "ताई, तिच्या कॉम्प्युटरवर मेटच टाकू ना?"

"मले काय विचारतं बे?" योगिनी खेकसली. "ते बसली ना तिथं. तिले विचार!"