लोण्यासारखा गाळ

मी चुली करते. पुण्यात अजून चुली विकत घेणारी माणसं आहेत असं सांगितलं की लोक हसतात. त्यांनी शहराबाहेर पडून रस्त्यावरच्या पाट्या वाचाव्यात. ‘चुलीवरचं मटण’ लिहिलेल्या प्रत्येक हॉटेलला दरसाल नवी चूल लागते. कोथरूडच्या बायकाही माझ्याकडून नेतात. त्या चुलीत कुंडी ठेवतात आणि गॅलरीत तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. माझं काही म्हणणं नाही. एकदा नेली की चूल त्यांची.

माझी शाळा चौथीपर्यंत. चूल करायला सासूने शिकवलं. सगळं कसब मातीत आहे, आणि आमची माती म्हणजे मुठेचा गाळ. पाणी ओसरलं की नदीच्या वळणावर, प्रवाह मंदावतो तिथे, सगळ्यात बारीक गाळ बसतो. वरचा थर काढायचा आणि खालची चिमूट बोटांत चोळायची. रेती लागली तर जागा सोडायची. लोण्यासारखा लागला तर पाट्या भरायच्या. त्यात लीद आणि भाताचं तूस घालून पायांनी तुडवायचं. अशी चूल तडकत नाही. तडकलेली चूल घेऊन माझ्या दारात कोणी भांडायला आलेलं नाही.

नातसुनेला दिवस गेले आणि तिला माती खावीशी वाटू लागली. आमच्याकडे याचं कोणाला नवल नाही. मीही माझ्या वेळी खाल्ली होती. भाजकी माती वाण्याकडे पुडीत मिळते, ती नातसून लपवून आणायची. एकदा पुडी माझ्या हाताला लागली.

“ही कुठली माती? कोणाच्या पायाखालची?” मी विचारलं.

“मला काय ठाऊक, आजी. जीभ नुसती खवळते हो.”

“घरात चुली करणारी बसलीय आणि तू वाण्याकडे जातेस? लोक काय म्हणतील?”

मी स्वतः तिच्यासाठी माती केली. त्या वळणावरचाच गाळ घेतला, पाण्यात कालवून फडक्यातून गाळला, त्याच्या वड्या थापल्या आणि निखाऱ्यात लाल होईपर्यंत भाजल्या. नदीत काय काय सोडतात ते मला दिसतं, वासही येतो. पण विस्तवात गेलं की घाण जळून जाते, असं आम्ही धरून चाललो होतो. वड्या खुसखुशीत झाल्या. नातसून म्हणाली, “वाण्याच्या मातीला ही चव नाही.” मला बरं वाटलं. माझ्या मालाची तारीफ मला आवडते.

पुढे मी गाळ आणायला गेले, तर माझ्या वळणावर एक मुलगी आधीच उतरलेली. गुडघ्यापर्यंत बूट, हातात मोजे, आणि छोट्या छोट्या पिशव्यांत गाळ भरत होती.

“अहो बाई, ही माझी जागा आहे,” मी वरूनच ओरडले.

“थोडासाच नेते, आजी. कॉलेजात तपासायचाय.”

“नदी घाण आहे हे कळायला कॉलेज लागतं होय?”

ती हसली. रागावली असती तर मी पाटी भरून निघून गेले असते. हसली म्हणून तिथेच थांबले. ती म्हणाली, पाण्यातली घाण दिसते आणि वाहून जाते, पण धातू तळाशी बसतात. मुलामा देणाऱ्यांच्या हौदातलं पाणी, जुन्या बॅटऱ्या, रंग, सगळ्यांचे धातू. शिसं, क्रोमियम, कॅडमियम. शिसं मला माहीत होतं. बाकीची दोन नावं मी तिच्याकडून पुन्हा म्हणून घेतली.

“मग हाच गाळ कशाला? तिकडे पुलाखाली ढीग पडलाय,” मी म्हटलं.

“तिकडे रेती जास्त आहे. धातू बारीक गाळाला चिकटून राहतात. गाळ जितका बारीक तितके ते जास्त. आणि इथला तर फारच बारीक आहे.”

“ते मला सांगू नका. लोण्यासारखा आहे.”

“तेच म्हणतेय, आजी.”

मी पाटी खाली ठेवली. “आणि भाजला तर?”

“जंतू मरतील. धातू कुठे जाणार?”

तवा आयुष्यभर विस्तवावर असतो. तो कधी जळून गेलेला मी पाहिला नव्हता. हे कळायला मला तिची गरज नव्हती, पण तोवर डोक्यात आलं नव्हतं हे खरं.

“पोटुशी बाईने खाल्ला तर?”

तिने हातातले मोजे काढले. “कोणी खाल्लाय?”

“माझ्या नातसुनेने. मीच भाजून दिला.”

“शिसं आईच्या रक्तातून बाळापर्यंत जातं,” ती म्हणाली. “बाळाच्या मेंदूला धोका असतो. आज, आत्ता दवाखान्यात न्या.”

पाटी तिथेच टाकून मी घरी आले. नातसून उंबऱ्यावर बसून वडी चघळत होती.

“थुंक.”

“का हो?”

“आधी थुंक. मग विचार.”

दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. सगळं ऐकून तिने कपाळाला हात लावला. “माती भाजून खायला घालता? इतकं अडाणीपण, आजी?”

“अडाणी आहेच. तुमचं बोलून झालं की शिशासाठी रक्त तपासायचं लिहून द्या.”

तिने लिहून दिलं. नातसुनेच्या अंगात रक्तही कमी निघालं. माती खावीशी वाटते ती बहुतेक त्यामुळेच, असं डॉक्टरीण म्हणाली आणि तिने लोहाच्या गोळ्या दिल्या. शिशाचा निकाल यायला वेळ लागणार होता. त्या काळात नातसून रोज रडायची.

“आजी, बाळाला काही झालं तर?”

“झालं तर ते मी केलेलं असेल. तू कशाला रडतेस? गोळी घे.”

निकाल आला. शिसं होतं. असू नये इतकं होतं, पण डॉक्टरीण म्हणाली, वेळेत आलात, माती बंद म्हणजे बंद, दूध प्या, पुन्हा तपासू. पुन्हा तपासलं तेव्हा उतरलं होतं. ती मुद्दाम मला म्हणाली, “बाळाला काहीच झालं नसेल असं मी लिहून देणार नाही. वाढताना लक्ष ठेवावं लागेल.” मला तिचं बोलणं आवडलं. खोटा धीर देणारी माणसं कामाची नसतात.

अंगणात एका हॉटेलच्या चुली वाळत होत्या. त्या मी कुदळीने फोडल्या. शेजारीण धावत आली.

“अहो, वेड लागलंय का? चुलीला कोण चाटायला जातंय?”

“चुलीचे तुकडे पडतात. ते खाणारी एखादी पोटुशी निघतेच. आमच्याकडे निघाली.”

फोडल्यावर प्रश्न आला, ही माती टाकायची कुठे? नदीत टाकली तर आली तिथेच गेली. कॉलेजच्या मुलीला वळणावर पुन्हा गाठून विचारलं, तर ती म्हणाली, नदीत मात्र टाकू नका. कचऱ्याच्या गाडीवाल्याने हात जोडले. पोती तोंड शिवून घरामागे ताडपत्रीखाली पडली आहेत. नदी घाण करणाऱ्यांपैकी कोणाच्या दारात ती ठेवावीत हे कळलं की मी स्वतः नेऊन ठेवीन.

आता माती मांजरी गावाहून येते. तिथे उसाची शेतं मोडून इमारती उठतायत. नदीपासून लांबच्या एका जागेवर पाया खणताना खोलातून निघालेली माती टेम्पोवाला आणून टाकतो. टाकली की आधी कॉलेजच्या मुलीला बोलावते. ती नेऊन तपासते आणि चालेल म्हणते, त्यानंतरच मी मातीला पाय लावते. पहिल्या चुली तडकल्या. त्या मातीचा स्वभाव वेगळा, तूस जास्त मागते. मी जास्त घातलं. आता तडकत नाहीत.

नातसुनेला मुलगी झाली, माझी पणती. जन्मताच अशी ओरडली की शेजारीण दारात आली. वेळेवर बसली, वेळेवर रांगली. डॉक्टरीण दर खेपेला तिच्यासमोर खुळखुळा फिरवते, तिला हाका मारते, आणि बरं आहे म्हणते. लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आहे. मी ते करते.

परवा मी चूल थापत होते. पणती रांगत आली, मातीत हात घातला आणि गोळा तोंडात कोंबला.

“थुंक,” मी म्हटलं.

माती तपासलेली होती. तरी मी बोट घालून सगळा गोळा बाहेर काढला. तिने माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या हातातला गोळा तोंडात घातला.

तोही काढला.