मल्लव्वानं नाव घेतलं

मल्लव्वानं म्हशीला शिवी घातली की कोल्हापुरात मंगळवार पेठेच्या दुसऱ्या टोकाचा गवळी दचकायचा. एवढ्या आवाजाची बाई, पण तीस वर्षांच्या संसारात एक शब्द तिनं तोंडातनं काढला नव्हता. नवऱ्याचं नाव. त्याच्या पेंडीच्या दुकानाच्या पाटीवर ते फूटभर अक्षरात रंगवलेलं होतं. पोस्टमननं विचारलं तर ती बोट वर करायची.

"वर लिवलंय की. डोळं फुटल्यात का?"

तिचं माहेर शिरोळकडचं. नदीकाठी मळीचं रान, गाळाचं, काळं, लोण्यासारखं. शहाण्णव साली बाप गेला, आईनं आपला हिस्सा दोघा लेकरांत सोडला आणि पाठचा भाऊ अण्णाप्पा कागद घेऊन पेठेत आला.

"आक्का, हिथं सही कर. हक्क सोडल्याचं लिवलंय."

"का सोडू?"

"सगळ्याच बहिणी सोडत्यात की."

"त्या सोडूदेत. मी सोडतो व्हय? त्या रानात भांगलून माझी कंबर गेलीया. अर्धं माझं."

आमच्याकडं बायकाबी 'मी जातो, मी आलो' असंच म्हणतात. पुण्याच्या पावण्यांना हसू येतं. येऊ दे.

अण्णाप्पा जेवला, हात धुतला आणि कागद घडी घालून निघून गेला. भांडला नाही. तिथंच मल्लव्वानं ओळखायला पाहिजे होतं.

वर्षाभरानं तिनं सातबारा काढला, तर त्यावर तिचं नावच नाही. तलाठ्यानं म्होरं कागद टाकला. स्टँपपेपर, नोटरीचा लाल शिक्का, आणि 'मी मल्लव्वा, राजीखुशीनं हक्क सोडते' याच्याखाली अंगठा. मल्लव्वा चौथी शिकलेली. आयुष्यात तिनं कुठं अंगठा उठवला नव्हता.

शिक्का कोल्हापूरच्या नोटरीचा होता. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला दुकान बंद करायला लावून तिनं त्याला कचेरीच्या आवारात नेलं. पत्र्याच्या शेडमध्ये नोटरीसाहेब बसलेले, आणि बाजूच्या बाकड्यावर पिराजी. पिराजीचा धंदा ओळखायचा. नोटरीपुढं येणाऱ्याला कुणीतरी ओळखणारं लागतं, आणि चहा पाजला की पिराजी कुणालाही लहानपणापासून ओळखायचा.

मल्लव्वानं कागद टेबलावर आपटला. "ह्यो अंगठा कुणाचा?"

साहेबांनी चष्मा लावला. "मल्लव्वाबाईंचा. समोर केलाय."

"मल्लव्वा मी. मी कवा आलतो तुमच्याम्होरं?"

शेडमधला टाइपरायटर थांबला. साहेब पिराजीकडं बघायला लागले आणि पिराजी छताकडं.

"बाई आली होती की," साहेब म्हणाले. "डोक्यावरनं पदर. सोबत भाऊ. मी रीतसर विचारलं, तुमचं नाव काय, नवऱ्याचं नाव काय."

"मग काय बोलली?"

"लाजली. बायका नवऱ्याचं नाव घेतात होय? भावानं सांगितलं."

"आन् तिचं सोताचं?"

"तेबी भावानंच सांगितलं," पिराजी पुटपुटला. "लई घरंदाज वाटली."

मल्लव्वा खाली बसली. घरंदाज कोण, ते तिला कळलं. अण्णाप्पाची बायको गंगव्वा. तिचं पहिलं बाळंतपण हिनंच केलं होतं.

"साहेब, ह्यो शिक्का म्हंजे नक्की काय वो?"

साहेबांचा आवाज खाली आला. "कागदातला मजकूर खरा, असं शिक्का म्हणत नाही. ज्याचा कागद, तेच माणूस माझ्यासमोर उभं राहिलं, त्याला मजकूर कळला आणि त्यानं स्वतःच्या हातानं सही केली. एवढंच म्हणतो."

"म्हंजे तेवढंच बघायचं हुतं. तेवढंच बघितलं न्हाई."

साहेबांनी कागद तिच्याकडं सरकवला. मग म्हणाले, "अंगठा माझा नाही, असं शपथपत्र करा. प्रांतसाहेबांकडं अपील करा. पण दुसऱ्या नोटरीकडं जावा, बाई."

"हितंच करणार. मी नसताना हितंच आलतो न्हवं? आता असताना येतो."

कागद टाइप झाला, वाचून दाखवला. साहेबांनी विचारलं, "नाव?"

"मल्लव्वा."

"नवऱ्याचं नाव?"

तिचे ओठ हलले, आवाज निघेना. नवरा दाराशी उभा राहून पायातल्या चपलेकडं बघत होता. कुठली पाटी नव्हती, बोट कुठं करणार? पिराजी सवयीनं पुढं झाला. "मी सांगतो की—"

"तू गप, भाड्या! मागल्या खेपंला तूच तिला मल्लव्वा म्हणून वळखलंस."

मग तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला आणि म्हशीला हाक मारावी तसं ओरडली, "प्रभुलिंग!"

बाहेरची चार माणसं वळून बघायला लागली. नवऱ्यानं मान आणखी खाली घातली. मल्लव्वानं सही केली, रजिस्टरातबी केली. पेठेत ती पोचायच्या आधी गोष्ट पोचली होती. नवऱ्याचं नाव घेणारी, म्हणून बायका आठ-पंधरा दिवस कुजबुजल्या.

प्रांतानं गंगव्वाच्या अंगठ्याचा ठसा मागवला, तशी ती पेठेत आली. पाया पडली. "वन्सं, अंगठा माझा, पर डोस्कं माझं न्हवतं."

"डोस्कं नसंल. पदर तर तुझाच हुता न्हवं?"

तिला मल्लव्वानं पाणीसुद्धा विचारलं नाही. ठसा जुळला. तारखा पडत राहिल्या, आणि दोन हजार एक साली सातबारावर मल्लव्वाचं नाव परत लागलं, अर्ध्या मळीची मोजणीबी झाली. म्हातारी आई अण्णाप्पाकडं होती. त्यानं दार लावून घेतलं ते लावूनच. मल्लव्वा दोनदा उंबऱ्यापर्यंत जाऊन आली. आतनं आईचा खोकला ऐकू आला, दार उघडलं नाही.

पुढच्या वर्षी नांगरटीला ती रानावर गेली. तिच्या अर्ध्यात, बरोब्बर मधोमध, ताज्या मातीचा ढीग. वर सुकलेली बेलाची पानं. आमच्या लिंगायतांत माणूस रानातच पुरतात.

वाटेकरी आकाराम टोपी काढून उभा राहिला. "तुमाला सांगितलं न्हाई व्हय? आई परवा गेल्या. म्या अण्णाप्पाला इचारलं, हिथं का? तर म्हणला, तिला रान पायजे हुतं न्हवं, घे म्हणावं."

मल्लव्वा ढिगाजवळ उकिडवी बसली. वर आलेलं एक ढेकूळ तिनं मुठीत धरून फोडलं. रडली असती तर आकारामाला बरं वाटलं असतं.

"नांगर धरू का आज, का ऱ्हाऊ दे?"

"धर," ती उठली. "आईला वळसा घाल. बाकी बांधापातूर सगळं नांगर. त्याला एक वीत सोडू नको."