सहा घरांचा उजेड

नाना गेल्याचं मला दिलीपने सांगितलं, आणि सांगताना तो मनगटावरचं घड्याळ बघत होता. कोराडीच्या वीजकेंद्राची बस सुटायची होती. "आई, नाना गेले पहाटे. मी ड्यूटीवर जाऊन येतो, मग पाहू." दिलीप माझा मुलगा. चाप कसा ओढायचा ते ज्या माणसाने त्याला शिकवलं, तो माणूस गेल्याची बातमी त्याने मला दूधवाला आला नाही अशा सुरात दिली आणि चपला घातल्या. मी तवा उतरवला आणि तशीच पिठाच्या हातांनी सदरला निघाले. नानांची बंदूकदुरुस्तीची दुकानवजा खोली नागपुरातल्या सदर भागात, एका मोठ्या दुकानाच्या मागच्या बोळात. झोपेतच गेले होते. बायको नाही, पोर नाही. शेजारचा शिंपी उशाशी बसला होता. बाकी कोणी नव्हतं...

त्याला आता सहा आठवडे झाले. आणि मी जे लिहिते आहे ते रडण्यासाठी नाही, आधीच सांगते. मला राग आला आहे. पंधराव्या दिवशी आमच्या शूटिंग क्लबाने शहरातल्या एका हॉलमध्ये शोकसभा घेतली. दिलीप क्लबाचा सेक्रेटरी आहे, म्हणून तोच बोलायला उभा राहिला. चांगलं बोलतो तो. म्हणाला, नाना जुन्या पिढीचे, रिव्हॉल्व्हर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. "नवीन ऑटोमॅटिक पिस्तूल मात्र त्यांच्या हाताला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यातूनच तो दुर्दैवी प्रसंग घडला. पण आज आपण तो मोठ्या मनाने विसरू या." सगळ्यांनी माना हलवल्या. मोठ्या मनाने! मी पहिल्या रांगेत बसले होते. उठले आणि बाहेर आले. लोकांना वाटलं, म्हातारीला गहिवरून आलं. गहिवर कसला... ते वाक्य खोटं होतं, ते खोटं आहे हे बोलणाऱ्याला माहीत होतं, आणि त्याच्या आईलाही माहीत होतं. त्या एका वाक्यासाठी हा सगळा लेख.

नानांची माझी ओळख चीनच्या लढाईनंतरची. तेव्हा जिकडेतिकडे बायकांना रायफल शिकवायचे वर्ग निघाले होते. आमच्या मोहल्ल्यातून आम्ही अकराजणी गेलो. निम्म्या उत्साहाने, निम्म्या सासूपासून दोन तास सुटका म्हणून. शहराच्या कडेला गिट्टीची एक बंद पडलेली खदान होती. तिच्या उभ्या दगडी भिंतीपुढे निशाणाचे कागद लावायचे. शिकवायला नाना. तीस वर्षं पोलिसांची हत्यारं दुरुस्त करून नुकतेच रिटायर झालेले, मूळचे भिवापूरचे, बुटके, कानात तेलाचा बोळा. मी विचारलं, "बांगड्या काढू का?" तर म्हणाले, "राहू द्या वहिनी. बांगडी वाजली का समजायचं, हात हालला. मले पाहाची गरज नाही." त्या दिवशी माझ्या बांगड्या इतक्या वाजल्या की बाकीच्या हसून हसून लोळल्या. वर्ग दोन महिन्यांत विरला. अकराच्या तीन झालो, मग मी एकटीच. तेव्हा नानांनी त्यांची लाकडी पेटी उघडली आणि स्वतःचं बत्तीस बोअरचं जुनं रिव्हॉल्व्हर माझ्या हातात दिलं.

त्या रिव्हॉल्व्हरबरोबर एक रीत यायची. गोळ्या संपल्या की गोळ्यांची चरखी बाहेर काढायची, रिकामी काडतुसं झटकायची आणि हात उंच करून ती आभाळाकडे धरायची. गोळ्यांची सहा भोकं, त्यांना नाना घरं म्हणायचे. "उजेड दाखवा," असा हुकूम सुटायचा. मग ते स्वतः येऊन एक डोळा मिटून बघायचे. सहा घरांतून सहा उजेड दिसले की "हं, ठेवा." पुढे त्याच खदानीत क्लब निघाला, तेव्हाही कलेक्टर कचेरीतला मोठा साहेब असो की माझ्यासारखी चौथी शिकलेली बाई, उजेड दाखवल्याशिवाय कोणाला टेबलापासून हलू द्यायचे नाहीत. एकदा एक वकील चिडले, म्हणाले, "नाना, आता मीच मोजून सहा मारल्या ना!" नाना म्हणाले, "मोजणारे तुमीच, मारणारे बी तुमीच. मंग साक्षीदार कोन हाये, वकीलसाहेब?"

दिलीप कॉलेजात गेला तसा तोही खदानीत यायला लागला. हात त्याचा माझ्यापेक्षा कितीतरी स्थिर. नानांना त्याचं इतकं कौतुक की भिवापूरहून मिरच्या आणल्या तर सगळ्यांना मूठमूठ आणि आमच्या घरी पायलीभर. मग सत्तर सालानंतर कधीतरी क्लबातल्या एका ठेकेदाराने विलायती ऑटोमॅटिक पिस्तूल आणलं. मुठीत गोळ्या भरलेली मॅगझिन घालायची, नळीवरची स्लाइड एकदा मागे ओढायची, की मग फक्त चाप. एक गोळी उडाली की दुसरी आपोआप नळीत. दिलीप त्या पिस्तुलावर लट्टू झाला. खरं सांगायचं तर पोराचं काही चुकत नव्हतं. रिव्हॉल्व्हरला दर गोळीआधी अंगठ्याने घोडा मागे ओढा, पकड मोडा, पुन्हा जमवा. भराभर मारायच्या फेरीत म्हातारे मागे पडायचे. दर रविवारी चहाच्या वेळी दोघांची जुंपायची.

"नाना, तुमची ही सहा खोल्यांची चाळ आहे, चाळ! किती दिवस राहता तिच्यात?"

"चाळीत कोन घरी हाये ते समजते तरी, बापा. तुह्या बंगल्यात दार लावून कोन बसलं हाये, काय मालूम?"

"जमाना बदलून राहिला, नाना."

"बदलू दे ना. मी काय त्याचे पाय धरून राहिलो?"

आणि आता कान देऊन ऐका, कारण शोकसभेत हे कोणी सांगितलं नाही. ते ऑटोमॅटिक पिस्तूल सगळ्या नागपुरात कोणाला कळत असेल तर ते नानांना. ठेकेदाराला ते नीट पुसताही यायचं नाही. त्याची स्प्रिंग सैल पडली तेव्हा नानांनीच सदरच्या खोलीत ते पूर्ण खोललं, जुन्या पेपरवर एकेक तुकडा मांडला आणि माझ्याशी मिरच्यांच्या लोणच्याबद्दल बोलता बोलता, खाली न बघता पुन्हा जोडलं. एका रविवारी त्यांनी ते चालवूनही पाहिलं. त्यांच्या रिव्हॉल्व्हरपेक्षा गुण जास्त आले. मीच लिहिले होते, क्लबाची गुणांची वही माझ्याकडेच असायची. नानांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं. म्हणाले, "चांगलं हाये. पन मले याच्या पोटातलं दिसत नाही."

तो प्रसंग घडला तोही असाच एक रविवार, सकाळची वेळ. दिलीपची फेरी संपली. नानांनी लांबूनच विचारलं, "रिकामं?" दिलीपने मॅगझिन काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "रिकामं." मॅगझिन काढली तरी आधीच नळीत चढलेली एक गोळी आतच राहते, हे त्याला हजारदा सांगितलेलं. तरी रिकामं आहे हे दाखवायला त्याने चाप दाबला. नेम कशावरच नव्हता. तिकडे मारोती, आमचा कागद चिकटवणारा माणूस, पाठमोरा खाली वाकला होता. गोळी त्याच्या पोटरीतून गेली. मारोती आधी म्हणाला, "कोनं गोटा मारला बे?" आणि मग पायाकडे बघून खाली बसला.

दिलीप दगड झाला होता. नाना चालत आले, धावत नाही, आणि त्यांनी त्याच्या हातातून पिस्तूल अलगद काढून घेतलं. टेबलाशी आम्ही तिघंच होतो. बाकीचे शेडमध्ये चहा पीत होते, आवाजाने धावले. ते पोचले तेव्हा पिस्तूल नानांच्या हातात होतं. "माह्याच्यानं सुटली," नाना म्हणाले. बस. कोणी शंका घेतली नाही. का घेतील? म्हातारा रिव्हॉल्व्हरवाला, त्याला ऑटोमॅटिक कुठलं समजायला! दर रविवारी चहावर जे बोलत आले, तेच त्यांच्याविरुद्ध साक्षीला उभं राहिलं. आणि त्यांनी ते उभं राहू दिलं, कारण आठवड्याआधीच दिलीपला कोराडीच्या नोकरीचं पत्र आलं होतं आणि त्यासाठी पोलिसांकडून त्याच्या वर्तनाची चौकशी व्हायची होती.

जबानी घेणाऱ्याने मला विचारलं, "बाई, तुम्ही काय पाहिलं?" नाना माझ्याकडे बघत नव्हते. दिलीप बघत होता. मी म्हणाले, "मी मान खाली घालून गुण लिहीत होते." वहीत त्या फेरीचे गुण अजून आहेत. शेवटचा आकडा इतका वेडावाकडा आहे की मान खाली होती की वर, ते कोणालाही कळेल... हे माझं पाप. मी ते लिहून ठेवते आहे, म्हणजे कोणाला वाटू नये की राग फक्त दुसऱ्यांवर आहे.

मारोती बरा झाला, थोडा लंगडतो. नानांना क्लबातून काढलं. त्यांचं रिव्हॉल्व्हर दोन वर्षं पोलीस ठाण्यात जमा राहिलं. सदरच्या खोलीत गिऱ्हाईक येईना. "म्हाताऱ्याचा हात गेला," असं एकाने दुसऱ्याला सांगितलं. दिलीपची नोकरी लागली, लग्न झालं. पहिल्या दिवाळीला तो नानांकडे फराळ घेऊन गेला, दुसऱ्या दिवाळीला त्याने माझ्या हाती पाठवला, तिसऱ्याला विसरला. ज्याच्या उपकाराखाली माणूस दबतो, त्याचं तोंड बघणं त्याला नकोसं होतं, हे मला समजतं. समजतं म्हणून माफ करावं असं काही नाही.

नानांशीही मी भांडले. एकदा नाही, दर वर्षी. "तुम्ही मोठे झालात, नाना, आणि माझ्या पोराला लहान ठेवलंत. काहून केलं असं?" ते कुठल्यातरी जुन्या बंदुकीच्या घोड्याला तेल लावत बसलेले. "पोरगं हाये वहिनी. एक चूक त्याची. अन् मी बी तं पाह्यलं नाही ना. लांबून इचारलं अन् मानलं. रिव्हॉल्व्हर असतं तं उजेड पाह्यल्याबिगर सोडलं असतं का मी?" मी म्हणायचे, मग त्याने बोलावं की आता, नोकरी पक्की झाली, कोण काढतं त्याला? तेव्हा नाना मान वर करून, अगदी खात्रीने म्हणायचे, "बोलन ना. खुद होऊन बोलन तो. तुमी सांगू नका त्याले." बारा वर्षं ते हेच म्हणत राहिले. बोळात पावलं वाजली की दाराकडे बघायचे. मला त्या बघण्याचा संताप यायचा, अजून येतो. इतका विश्वास कोणी कोणावर ठेवावा का? ठेवणाऱ्याचं काय जातं, दुसऱ्याला तो जन्मभर वाहावा लागतो. आणि माझ्या मुलाने तो वाहिलाही नाही. बसस्टॉपवर विसरलेल्या छत्रीसारखा सोडून दिला.

नाना गेल्यावर रिव्हॉल्व्हर न्यायला ठाण्यातून हवालदार आला. वारस नाही, तेव्हा जमा करायचं. त्याने पेटी उघडली. रिव्हॉल्व्हर उघडंच ठेवलेलं होतं, चरखी बाहेर काढून, कोणीही आधी डोळा लावून बघावं असं. हवालदाराने खरंच उचलून खिडकीकडे धरलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "माणूस शिस्तीचा होता, बाई." शोकसभेत झालेल्या सगळ्या भाषणांपेक्षा हे एक वाक्य बरं होतं. रिकामी पेटी मी घरी आणली.

लेख इथपर्यंत लिहून मी दिलीपला वाचायला दिला. त्याने वाचला. "आई, हे छापू नकोस," म्हणाला. मी विचारलं, "यातलं खोटं काय ते सांग, तेवढं खोडते." तो उठून अंगणात गेला.

मागच्या रविवारी मी खदानीत गेले. बारा वर्षांत पहिल्यांदा. मारोतीने मला खुर्ची आणून दिली. आता तिथे एकही रिव्हॉल्व्हर नाही, सगळ्या टेबलांवर ऑटोमॅटिक. कॉलेजातली एक मुलगी शिकत होती, शिकवत होता दिलीप. तिची फेरी संपली, तिने मॅगझिन काढली. दिलीप म्हणाला, "स्लाइड मागे ओढ. आता करंगळी घाल." म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी, गोळी बसते त्या जागी बोट घालून चाचपायचं. ही रीत क्लबात सगळेच पाळतात. ती नानांची. मारोतीच्या पोटरीतून गोळी गेली त्याच आठवड्यात त्यांनी दिलीपला बोलावून सांगितलं होतं, "उजेड दिसत नाही ना, मंग बोट घालत जा. अन् सगळ्याईले घालाले लाव." एवढं एक त्याने ऐकलं.

मुलगी चौकस होती. "काहून सर? मॅगझिन तर काढली ना मी."

"नियम आहे," दिलीप म्हणाला.

मी खुर्चीतूनच म्हणाले, "कोणाचा, ते सांग तिला."

तो माझ्याकडे बघायला लागला. मुलीची करंगळी अजून आतच होती. मारोती डिंकाचा डबा हातात घेऊन तिथेच थांबला होता.

"नानांचा," दिलीप म्हणाला. मुलीने विचारलं, "कोण नाना?"

तो बोलेल म्हणून मी थांबले. नानांइतकी वर्षं थांबणं मला जमणार नाही. आज हा लेख पोस्टात टाकते आहे.